ग्रीसमधलं घर

आमचं घर ग्रीसमध्ये आहे, असं फोनवर सांगितलं
तर कुडाळची नणंद घाबरलीच.
अगं, दुबईतच, म्हटलं,
ड्रॅगन मार्टच्या मागे, इंटरनॅशनल सिटीत.
इथे इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत.
थोडं चाललं की रशिया, वळलं की स्पेन,
आणि वारा फिरला की सगळ्या देशांत
सांडपाण्याचा एकच वास.

बँकेतल्या मारिसेलनं कागद सरकवला.
पाचवा हिस्सा तुमचा, बाकी आमचा, बावीस वर्षं.
विद्याधर त्रेचाळीसचा. बोटांवर मोजून म्हणाला,
आपण इथे इतकी वर्षं कुठे राहतोय?
ती हसली. सगळे असंच म्हणतात, सर.
सही इथे. आणि इथे.
आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या खाली.
तेराव्या सहीला माझं नाव
मलाच कुणा परक्या बाईचं वाटलं.

बेत असा की
पाच वर्षं आपण राहायचं, मग भाड्यानं द्यायचं.
वर्षाचे चार चेक, त्यातून हप्ता,
त्यातूनच सर्व्हिस चार्ज,
उरेल ते आपलं.
(उरत नाही. मी दोनदा मांडून पाहिलं.)
दर चढला तर खिशातून घालावे लागतील,
हे विद्याधर अगदी हळू म्हणाला,
जणू व्याजदराला मराठी कळतं.

तेव्हापासून तो आमच्यात राहतो.
भाडेकरू.
अजून आला नाही, पण भिंतींचा रंग त्यानंच निवडला,
पांढऱ्याच्या जवळपासचा, कुणाच्याच आवडीचा नसलेला.
मला एक तरी भिंत हवी होती
सोलकढीच्या रंगाची.
त्याला नाही चालणार, विद्याधर म्हणाला.
ओट्याला काळा ग्रॅनाइट, हळद दिसू नये म्हणून.
खिळा ठोकायचा नाही,
म्हणून देव चिकटपट्टीवर;
ऑगस्टमध्ये एसी बंद पडला त्या दुपारी
गणपती सुटून सोफ्यामागे गेला,
रात्री झाडताना सापडला.
वास्तुशांतीला होम केला नाही,
धुराचा अलार्म वाजला असता.

विद्याधरला वाटतं, तो एकटा असेल, इंजिनिअर,
बाहेर जेवणारा, तारखेला चेक देणारा.
मला बाई वाटते.
रात्रपाळीची नर्स, सकाळी आठला घरी येऊन झोपणारी.
म्हणून बेडरूमला जाड पडदे घेतले,
शंभर दिरहम जास्त देऊन.
बिल पाहून तो म्हणाला, आपल्याला कशाला इतका अंधार?
काय सांगणार.

करामात नऊ वर्षं आम्ही पार्टिशनमागे काढली.
प्लायवुडपलीकडे कुणी खोकायचं,
आम्ही आमचा टीव्ही लहान करायचो.
मालक कधी दिसला नाही, त्याचा फक्त वॉचमन दिसायचा.
त्या माणसानं कधी, चुकून,
घर घेताना किंवा गाडी चालवताना,
माझा विचार केला असेल का?
तिला उजेड लागतो की अंधार,
ती कांदा कुठे ठेवेल,
एवढंच.

सुरुवातीला मी रात्री पाण्याला उठले
की दिवा लावायचे.
आता नाही लावत.
सोफ्याचा कोपरा, तीन पावलं, ओटा,
मग डावीकडचा नळ,
जो पूर्ण फिरवला तर गळतो
आणि थोडा अलीकडे थांबवला तर गप्प बसतो.
हे कुठल्या करारात लिहिणार?

काल विद्याधरनं प्लंबर बोलावला होता,
मल्लपुरमचा मुलगा, पिशवीत नवा नळ घेऊन आला.
म्हणाला, दहा मिनिटांचं काम आहे, चेची.
मी त्याला चहा दिला.
येण्याजाण्याचे पैसे दिले.
म्हटलं, राहू दे तो,
अजून पाच वर्षं आहेत.